वाचकांचे प्रश्न : रूटचा पासवर्ड हरवलेली जुनी युनिक्स मशीन

या महिन्याची बरीचशी पत्रे ठाणे-नवी मुंबई पट्ट्यातली आहेत आणि विषय जवळपास एकच आहे : जुने युनिक्स मशीन, आणि रूटचा, म्हणजे मशीनवर सर्व अधिकार असलेल्या खात्याचा, पासवर्ड कोणालाच माहीत नाही. आज्ञा आणि फाइलींची नावे वाचण्यासाठी देवनागरीत छापली आहेत. कीबोर्डवर ती इंग्रजी लहान अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांतच टाकायची. तिरकी रेघ, कोलन, मोकळी जागा जशी दिसते तशी.

प्रश्न : आमचे सुट्या भागांचे छोटे युनिट आहे. स्टोअरचा हिशेब एससीओ ओपनसर्व्हर ५.०.५ वर फॉक्सबेसमध्ये चालतो, सहा टर्मिनल जोडलेली आहेत. मशीन बघणारे गृहस्थ निवृत्त झाले, त्यांनाही आता रूटचा पासवर्ड आठवत नाही. 'स्टोअर' या लॉगिनने रोजचे काम होते, पण नवा प्रिंटर जोडता येत नाही. मशीन बंद करून काही करून पाहावे का?
— एक वाचक, वागळे इस्टेट, ठाणे

उत्तर : आज बंद करू नका. वर्षानुवर्षे न थांबता फिरलेली हार्ड डिस्क एकदा थंड झाली की पुन्हा फिरेलच असे नाही. बेअरिंगमधले वंगण आटलेले असते, हेड तबकडीला चिकटते. पासवर्ड म्हणजे एका फाइलमधला एक रकाना. तो पुढच्या आठवड्यातही बदलता येईल. डिस्क गेली तर मात्र स्टोअरचा सगळा हिशेब गेला. म्हणून आधी डेटा बाहेर काढा, आणि त्यासाठी रूट लागत नाही.

जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांना प्रोग्रॅममधून बाहेर पडायला सांगा. लिहिल्या जात असलेल्या फाइलची नक्कल अर्धवट येते. मग शेजारच्या विंडोज पीसीवरून एफटीपीने 'स्टोअर' लॉगिन करा आणि पहिली आज्ञा 'बायनरी' ही द्या. ती विसरलात तर एफटीपी फाइलला साधा मजकूर समजते. १० मूल्याच्या प्रत्येक बाइटच्या आधी १३ मूल्याचा आणखी एक बाइट घुसतो, रेकॉर्डची लांबी बिघडते आणि फॉक्सबेसची डीबीएफ फाइल नंतर उघडतच नाही. नक्कल झाली की दोन्हीकडचा आकार बाइटपर्यंत जुळवून पाहा. एका बाइटचा जरी फरक असेल तर नक्कल पुन्हा घ्या. आलेली डीबीएफ फाइल पीसीवर उघडून शेवटचे रेकॉर्डही बघा. इंडेक्स फाइली नाही आल्या तरी चालेल, त्या पुन्हा बांधता येतात.

आता पासवर्ड खरोखर हरवला आहे का, ते बघू. 'स्टोअर' लॉगिननेच ही आज्ञा द्या :

ग्रेप ':०:' /ईटीसी/पासडब्ल्यूडी

ही फाइल कोणालाही वाचता येते. ज्या ओळीत तिसरा रकाना ० असतो त्या लॉगिनला रूटचेच अधिकार असतात, नाव काहीही असो. सोयीसाठी असे दुसरे नाव करून ठेवायची पद्धत होती, आणि त्याचा पासवर्ड बहुतेक वेळा कोणाच्या तरी डायरीत सापडतो. चौथा रकाना, म्हणजे गट, ० असेल तर त्याचा उपयोग नाही. तिसराच बघा.

दुसरी शक्यता अशी की पासवर्ड बरोबर आहे, पण चुकीच्या प्रयत्नांमुळे खाते कुलूपबंद झाले आहे. तेव्हा 'अकाउंट इज डिसेबल्ड' असा संदेश येतो. एससीओमध्ये /ईटीसी/डीफॉल्ट/लॉगिन या फाइलीत 'ओव्हरराइड' म्हणून मुख्य कन्सोल नोंदवलेला असेल, तर तिथून रूटला तरीही आत घेतात. म्हणून प्रयत्न टर्मिनलवरून न करता मशीनच्याच कीबोर्डवरून करा.

यातले काहीच लागू पडले नाही तर मग फ्लॉपी. ५.०.५ च्या इमर्जन्सी बूट आणि रूट फ्लॉपी कपाटात शोधा. सापडल्या की शटर सरकवून आतली चकती उजेडात धरा. आपल्याकडच्या पावसाळ्यात फ्लॉपीवर बुरशी धरते. पांढरट ठिपके दिसले तर ती फ्लॉपी ड्राइव्हमध्ये घालूच नका. हेड खराब झाले की पुढची चांगली फ्लॉपीही वाचली जाणार नाही. तुमच्या फ्लॉपी नसतील तर त्याच आवृत्तीच्या दुसऱ्या मशीनवर 'एमकेडेव्ह एफडी' या आज्ञेने त्या बनवता येतात. मात्र फ्लॉपीवर त्या दुसऱ्या मशीनचे कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, जाते. त्याचे डिस्क जोडणारे स्कझी कार्ड वेगळे असेल तर तुमची डिस्क त्याला दिसणार नाही.

मशीन थांबवण्यापूर्वी 'स्टोअर' लॉगिनचा पासवर्ड आठ अक्षरांच्या आत बसेल असा बदलून घ्या. कारण पुढे येईल. मग सगळी टर्मिनल बाहेर पडल्यावर 'सिंक' ही आज्ञा दोन-तीनदा द्या. ती कोणालाही देता येते आणि मेमरीत राहिलेले लिखाण डिस्कवर उतरवते. डिस्कचा दिवा शांत झाला की वीज बंद करा. 'शटडाउन' रूटशिवाय मिळत नाही, म्हणून हाच त्यातल्या त्यात सभ्य मार्ग.

फ्लॉपीवरून सुरू झाल्यावर '#' दिसेल. तिथे :

एफएससीके /डेव्ह/एचडी०रूट
माउंट /डेव्ह/एचडी०रूट /एमएनटी
सीडी /एमएनटी/ईटीसी
सीपी शॅडो शॅडो.जुनी

आता शॅडो फाइलीत, म्हणजे सांकेतिक पासवर्ड असलेल्या फाइलीत, रूटचा रकाना नुसता रिकामा केला तर रिकाम्या पासवर्डने आत यायला एससीओची सुरक्षा बहुधा नकार देते. त्यापेक्षा 'स्टोअर'चा सांकेतिक पासवर्ड रूटला द्या. सांकेतिक अक्षरांत लॉगिनचे नाव गुंफलेले नसते, त्यामुळे ती रूटच्या ओळीतही तशीच चालतात. हाताने उतरवू नका. 'एड' या एडिटरमध्ये ओळच उचलता येते :

एड शॅडो
/^स्टोअर:/टी०
एस/^स्टोअर/रूट/
१,३पी

'टी०'ने 'स्टोअर'ची ओळ फाइलीच्या डोक्यावर नकलली गेली. पुढच्या आज्ञेने तिचे नाव रूट झाले. तिसरीने पहिल्या तीन ओळी समोर आल्या. रूटची जुनी ओळ दुसऱ्या क्रमांकावर दिसली तर '२डी' देऊन ती काढा, मग 'डब्ल्यू' आणि 'क्यू'. दुसरी ओळ रूटची नसेल तर 'क्यू' देऊन न लिहिता बाहेर पडा. एड एकदा '?' दाखवेल, पुन्हा 'क्यू' द्या आणि पहिल्यापासून करा.

एवढ्यावर बरेच जण थांबतात आणि मग लॉगिन होत नाही म्हणून हैराण होतात. एससीओ तोच सांकेतिक पासवर्ड आणखी एका जागी ठेवते : /टीसीबी/फाइल्स/ऑथ/आर/रूट. फ्लॉपीवरून आलेले असताना या नावांच्या आधी /एमएनटी लावा. तिथे 'यू_पीडब्ल्यूडी=' नंतर पुढच्या कोलनपर्यंत जे आहे ते बदलून, /टीसीबी/फाइल्स/ऑथ/एस/स्टोअर या फाइलीत त्याच जागी असलेली अक्षरे टाका. आठ अक्षरांच्या आतल्या पासवर्डची सांकेतिक अक्षरे १३ होतात, मोजून घ्या. पासवर्ड लहान ठेवायला सांगितला तो यासाठी. मोठे ओ आणि शून्य, लहान एल आणि एक यांची गफलत इथेच होते. त्याच फाइलीत 'यू_लॉक' नंतर '@' नसेल तर खाते कुलूपबंद आहे. तिथे '@' घाला.

मग 'सीडी /', 'सिंक', 'यूमाउंट /डेव्ह/एचडी०रूट'. या शेवटच्या आज्ञेत 'यू'नंतर 'एन' नाही, ती 'अनमाउंट' लिहिली तर चालत नाही. फ्लॉपी काढून मशीन चालू करा, रूट म्हणून 'स्टोअर'च्या पासवर्डने आत या आणि 'पासडब्ल्यूडी रूट' देऊन लगेच नवा ठेवा. आत आलात की शॅडो.जुनी पुसून टाका.

प्रश्न : आमच्या टर्मिनलवर कधीकधी लॉगिनपासून सगळेच मोठ्या अक्षरांत दिसते आणि बरोबर पासवर्डही चालत नाही. पासवर्ड कोणी बदलतो का?
— एक वाचक, कोपरी, ठाणे

उत्तर : कोणी बदललेला नाही. लॉगिनचे नाव टाकताना कॅप्स लॉक चालू होता. नाव सगळे मोठ्या अक्षरांत आले की युनिक्सचा लॉगिन प्रोग्रॅम समजतो की टर्मिनलला लहान अक्षरे येतच नाहीत. पूर्वी तशी टेलिटाइप यंत्रे होती. मग तो तुम्ही टाकलेले प्रत्येक मोठे अक्षर लहान करून घेतो. पासवर्डमध्ये एखादे खरे मोठे अक्षर असेल तर तेही लहान होते आणि पासवर्ड चुकतो. कॅप्स लॉक बंद करा, कंट्रोल आणि डी दाबा, आणि नवीन लॉगिन आल्यावर सुरुवात करा. तसेच जुन्या टर्मिनलवर बॅकस्पेसने चूक पुसली जाईलच असे नाही. ते पुसणे अक्षर म्हणून पासवर्डमध्येच शिरते. चुकले असे वाटले तर एंटर मारून पुन्हा टाका.

प्रश्न : डिझाइन विभागात सनचे अल्ट्रा ५ आहे, त्यावर सोलॅरिस ८. जुन्या साच्यांची ड्रॉइंग त्यात आहेत. ना रूटचा पासवर्ड, ना कुठलेही साधे लॉगिन. सोलॅरिसच्या सीडी कपाटात आहेत. मशीन दुसऱ्या कोणत्याही मार्गाने उघडेल का?
— एक वाचिका, महापे, नवी मुंबई

उत्तर : उघडेल. 'सॉफ्टवेअर १ ऑफ २' लिहिलेली सीडी घ्या. आधी नेटवर्कची वायर काढा. काही काळ या मशीनला पासवर्ड नसणार आहे.

सनच्या कीबोर्डवर डावीकडची स्टॉप की धरून ए दाबा. 'ओके' असा प्रॉम्प्ट येईल. तिथे 'सिंक' द्या. सोलॅरिस डिस्कवरचे लिखाण पूर्ण करून पुन्हा सुरू होऊ लागेल. सुरू होताना परत स्टॉप आणि ए. मग सीडी घालून :

बूट सीडीरोम -एस

सीडीवरून यायला या मशीनला बरीच मिनिटे लागतात. मध्येच काही दाबू नका. '#' आला की आधी फक्त वाचण्यापुरती डिस्क जोडा :

माउंट -ओ आरओ /डेव्ह/डीएसके/सी०टी०डी०एस० /ए
कॅट /ए/ईटीसी/व्हीएफएसटॅब

या दोन ओळी सोडू नका. अल्ट्रा ५ मध्ये आयडीई डिस्क असते आणि पहिली डिस्क बहुधा याच नावाने दिसते. पण व्हीएफएसटॅबमध्ये '/' समोर /डेव्ह/एमडी/ ने सुरू होणारे नाव दिसले, तर रूट पार्टिशन दोन डिस्कवर मिरर केलेले आहे. अशा वेळी एकाच डिस्कवर लिहिले तर दोन्ही प्रती वेगळ्या होतात आणि पुढच्या बूटला फाइली भ्रष्ट होण्याची भीती असते. तिथे थांबा, आम्हाला व्हीएफएसटॅबची पूर्ण नक्कल पाठवा. साधे नाव असेल तर पुढे चला :

यूमाउंट /ए
एफएससीके /डेव्ह/आरडीएसके/सी०टी०डी०एस०
माउंट /डेव्ह/डीएसके/सी०टी०डी०एस० /ए
सीपी /ए/ईटीसी/शॅडो /ए/ईटीसी/शॅडो.जुनी
एड /ए/ईटीसी/शॅडो

एफएससीकेच्या ओळीत 'आरडीएसके' आहे, माउंटच्या ओळीत 'डीएसके'. ही छापण्याची चूक नाही. व्हीआय हा दुसरा एडिटर वापरायचा असेल तर आधी 'टर्म=सन' आणि 'एक्स्पोर्ट टर्म' द्यावे लागते, यातला 'टर्म' मोठ्या अक्षरांत. नाहीतर पडदा विस्कटतो आणि घाईत भलतीच ओळ पुसली जाते. म्हणून इथेही एडच बरा. त्यात :

/^रूट:/पी
एस/:[^:]*:/::/पी
डब्ल्यू
क्यू

पहिल्या आज्ञेनंतर रूटची ओळ दिसेल : नाव, कोलन, १३ सांकेतिक अक्षरे, कोलन, मग 6445 सारखा आकडा आणि पुढे नुसते कोलन. तो आकडा १ जानेवारी १९७० पासून मोजलेला दिवस, त्याला हात लावू नका. दुसऱ्या आज्ञेनंतर नावापुढे दोन कोलन लागून दिसले पाहिजेत. ओळीत एकूण आठ कोलन असतात. एखादा जास्त पुसला गेला तर रकाने सरकतात आणि लॉगिन होत नाही. मोजल्याशिवाय 'डब्ल्यू' देऊ नका.

तिथे आहातच तर 'ग्रेप रूट /ए/ईटीसी/पासडब्ल्यूडी' देऊन रूटच्या ओळीतला शेवटचा रकाना बघा. तिथे /एसबिन/एसएच हा शेल, म्हणजे आज्ञा घेणारा प्रोग्रॅम, हवा. कोणी हौसेने दुसरा शेल टाकला असेल आणि तो नंतर डिस्कवरून गेला असेल, तर पासवर्ड कितीही बदला, आत येता येणार नाही. एवढे झाले की 'सीडी /', 'यूमाउंट /ए', 'रीबूट'.

लॉगिनच्या चित्रमय पडद्यावर रिकामा पासवर्ड नीट हाताळला जात नाही. ऑप्शन्स मेनूतून 'कमांड लाइन लॉगिन' घ्या, रूट टाका. सोलॅरिस तिथल्या तिथे नवा पासवर्ड मागेल. आठ अक्षरांनंतरचे काही तपासले जात नाही, त्यामुळे बळ पहिल्या आठांतच असू द्या. शॅडो.जुनी पुसा आणि मग नेटवर्कची वायर लावा. यानंतर दुसऱ्या मशीनवरून टेलनेटने रूट म्हणून यायला गेलात आणि 'नॉट ऑन सिस्टिम कन्सोल' असे आले तर घाबरू नका. रूटने फक्त कन्सोलवरूनच यावे अशी सोलॅरिसची मुळातली सोय आहे. आधी साध्या नावाने या, मग 'एसयू' देऊन रूट व्हा.

प्रश्न : आमच्याही अल्ट्रा ५ वर 'ओके' येतो, पण 'बूट सीडीरोम' दिले की तिथेच पासवर्ड मागितला जातो. शिवाय मशीनची तारीख नेहमी चुकीची असते.
— एक वाचक, रबाळे, नवी मुंबई

उत्तर : हा सोलॅरिसचा नसून मशीनच्या ओपनबूटचा, म्हणजे सोलॅरिसच्या आधी चालणाऱ्या प्रोग्रॅमचा, पासवर्ड आहे. त्याची 'कमांड' पातळी ठेवलेली दिसते. तिच्यात नुसते 'बूट' आणि 'गो' चालते, बाकी सगळ्याला पासवर्ड लागतो. रूट माहीत असेल तर सोलॅरिसमध्ये जाऊन 'ईईप्रॉम सिक्युरिटी-मोड=नन' दिले की झाले. दोन्ही पासवर्ड गेले असतील तर डिस्क काढून दुसऱ्या सन मशीनला जोडा आणि वर दिलेली दुरुस्ती तिथे करा. लिनक्समध्ये ही डिस्क वाचण्यापुरती जोडता येते, 'यूएफएसटाइप=सन' हा पर्याय देऊन. लिनक्समधून तिच्यावर लिहिण्याचा धोका पत्करू नका.

तारीख चुकते याचा अर्थ मशीनच्या नोंदी जपणाऱ्या एनव्हीरॅम चिपमधली बॅटरी संपत आली आहे. अल्ट्रा ५ मध्ये ती एम४८टी५९वाय ही २८ पायांची चिप असते, बॅटरी तिच्या आतच. ती पूर्ण संपली की इथरनेट पत्त्याच्या जागी नुसते एफएफ दिसतात आणि होस्ट आयडी, म्हणजे मशीनचा ओळख क्रमांक, जातो. होस्ट आयडीला बांधलेले डिझाइन सॉफ्टवेअरचे लायसन्सही त्याच दिवशी बंद पडते. म्हणून आज, चिपला हात लावण्यापूर्वी, मशीन सुरू होताना पडद्यावर येणारी होस्ट आयडी आणि इथरनेट पत्त्याची ओळ लिहून घ्या, फोटोही काढा. या मशीनमध्ये होस्ट आयडी ८० ने सुरू होतो आणि उरलेले सहा आकडे इथरनेट पत्त्याच्या शेवटच्या सहांशी जुळतात, त्यामुळे लिहिलेले ताडून पाहता येते. नवी चिप कोरी येते, तीत हेच आकडे भरावे लागतात. दुसऱ्या अल्ट्रा ५ ची चिप काढून बसवली तर तिच्याबरोबर त्या मशीनचा होस्ट आयडी येतो, तुमचा नाही.

प्रश्न : कॉलेजच्या प्रयोगशाळेत जुने रेड हॅट लिनक्स आहे, सुरू होताना 'लिलो बूट:' येते. रूट पासवर्ड नाही.
— एक विद्यार्थी, कळवा

उत्तर : प्रयोगशाळाप्रमुखांची परवानगी घ्या, मग 'बूट:' पुढे 'लिनक्स सिंगल' टाका. जुन्या रेड हॅटमध्ये एवढ्यावर थेट '#' मिळतो, तिथे 'पासडब्ल्यूडी'. तो पासवर्ड मागत असेल तर 'लिनक्स इनिट=/बिन/बॅश'. या दुसऱ्या वाटेने आलात तर डिस्क फक्त वाचण्यापुरती जोडलेली असते. आधी 'माउंट -ओ रीमाउंट,आरडब्ल्यू /', मग पासवर्ड बदला, 'सिंक' द्या, 'माउंट -ओ रीमाउंट,आरओ /' द्या आणि मगच रीसेट दाबा. 'सिंक' राहून गेला तर पासवर्ड बदलला असे वाटते आणि नंतर जुनाच असतो.

प्रश्न : भंगारवाल्याकडून एचपी ९००० सर्व्हर घेतला. एचपी-यूएक्स सुरू होते, पासवर्ड नाही. आत आधीच्या कंपनीची माहिती असेल. तो उघडणे कायद्यात बसते का?
— एक वाचक, ऐरोली

उत्तर : लोखंड तुमचे झाले, आतली माहिती तुमची झाली असे समजू नका. मालकाच्या परवानगीशिवाय संगणक उघडणे हा माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ चा भंग आहे. तेच अप्रामाणिक हेतूने केले तर कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. भंगारवाल्याकडून खरेदीची पावती घ्या, आणि आधीची कंपनी कळत असेल तर तिच्याकडून डिस्कबद्दल दोन ओळी लिहून आणा. तसे पत्र मिळत नसेल तर ती डिस्क काढून बाजूला ठेवा आणि नवीन डिस्कवर एचपी-यूएक्स बसवा. मशीन शिकण्यासाठी हवे असेल तर तेवढ्याने भागते.

पत्र मिळाले तर रीत सोपी आहे. सुरू होताना दहा सेकंदांची सूचना येते तेव्हा कोणतीही की दाबा. मेनूत 'बीओ पीआरआय', 'इंटरॅक्ट विथ आयपीएल' विचारले की वाय, आणि 'आयएसएल>' पुढे 'एचपीयूएक्स -आयएस'. '#' आल्यावर 'माउंट -ए', कारण पासवर्ड बदलणारी आज्ञा /यूएसआर मध्ये असते आणि ते अजून जोडलेले नसते. मग 'पासडब्ल्यूडी रूट' आणि 'रीबूट'.

एक मात्र करा. गोदामात पावसाळा काढलेले मशीन घरी आणल्या आणल्या विजेला लावू नका. खाडीकडची दमट हवा धुळीत मुरलेली असते. झाकण काढून दोन-तीन दिवस पंख्याखाली ठेवा, धूळ मऊ ब्रशने झाडा, मेमरीची कार्डे काढून सोनेरी पट्ट्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि पूर्ण वाळल्यावर परत बसवा. पॉवर सप्लायमधल्या मोठ्या कपॅसिटरचे डोके फुगलेले किंवा खाली तपकिरी ओघळ दिसला, तर आधी तो बदलून घ्या.